बाहेर तोंड केलेल्या चपला

आमच्या कॉलेजात जपानीचा वर्ग कुठे भरतो, हे कुणाला विचारत बसावं लागत नसे. सायकल स्टँडच्या मागून जिन्याखाली वळलं की एका खोलीबाहेर चपलांची रांग दिसायची आणि सगळ्या चपलांची तोंडं बाहेर. नवख्या माणसाला वाटावं, आत बसलेली मंडळी आता उठून पळायच्या बेतात आहेत. पळत कुणी नसे. आत हाळीकर सर शिकवत असायचे, आणि त्यांच्या तासाला दांडी मारणारा विद्यार्थी मी तरी पाहिला नाही. माझ्या तासाला बरेच पाहिले. मी मराठी शिकवायची.

सर निवृत्त झाले, पाठोपाठ मीही झाले. तरी अजून रिक्षा कॉलेजवरून गेली की माझी मान आपोआप सायकल स्टँडकडे वळते. नांदेडात एवढे उड्डाणपूल झाले, एवढी दुकानं झाली, मला त्यातलं काही आठवत नाही. ती चपलांची रांग आठवते.

वसंतराव हाळीकर मूळचे उदगीरचे. वडिलांचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडतीचं दुकान होतं. मुलानं तुरीचे भाव बघायचे सोडून इतिहासात एम. ए. करायला पुणे गाठलं. तिथं संध्याकाळी जपानीचे वर्ग चालत. "जपानीच का हो घेतलं?" असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. मला वाटलं, काहीतरी उदात्त ऐकायला मिळेल. तर म्हणाले, "मॅडम, माझ्या खोलीत पंखा नव्हता. वर्गात होता."

पंख्याखाली बसून माणूस इतकं शिकला की एका कारखान्यानं त्यांना यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत आणायला नोकरीवर ठेवलं. पुढे कारखाना त्यांना जपानला पाठवणार होता. पासपोर्ट झाला, बॅग घेतली आणि उदगीरहून फोन आला, वडिलांना अर्धांगवायू झालाय, ये. ते आले. "आठ दिवसांसाठी आलो होतो मॅडम," असं ते मला सांगायचे, "तेच अजून चाललेत." वडील पुढे कितीतरी वर्षं अंथरुणावर होते. दुकान गेलं, कारखान्यानं दुसरा माणूस पाठवला.

त्या सुमारास आमच्या तेव्हाच्या प्राचार्यांच्या डोक्यात आलं होतं की कॉलेजात एक परदेशी भाषा पाहिजे. फ्रेंच आणि जर्मन शिकवायला नांदेडला यायला कुणी तयार होईना. जपानीसाठी एक अर्ज आला, तो उदगीरहून. म्हणून आमच्याकडे जपानी सुरू झालं. एवढंच त्यामागचं धोरण.

मी पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये तोंड उघडलं. माझं तोंड वेळेवर बंद राहत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. "इथं पोरांना शुद्ध मराठी येत नाही, हाळीकर सर, आणि तुम्ही जपानी काय शिकवणार?"

"शुद्ध कुणाला पाहिजे?" सर चहात पारले बुडवत म्हणाले. "मला अशुद्धच चालतं."

मला ते आगाऊपणाचं वाटलं. पण माणूस खरंच तसं करायचा. त्यांच्या वर्गात इंग्रजीला बंदी होती. मुदखेडहून, भोकरहून, किनवटहून येणारी पोरं इंग्रजीच्या नावानं घाम पुसायची, त्यांना हे घरच्या बोलीतून थेट जपानीत न्यायचे. 'मी जेवून राहिलो', 'तो येऊन राहिला' अशी वाक्यं मी आयुष्यभर लाल शाईनं खोडली. सर तीच फळ्यावर लिहून म्हणायचे, "शाब्बास, अशीच राहू द्या, ही जपानीला लई जवळची आहेत, तेही 'जेवून आहे' असंच म्हणतात." मी दारातून हे ऐकलं आणि दिवसभर धुमसत राहिले. पण दोनच महिन्यांत ती पोरं खडाखडा बोलू लागली. माझ्या वर्गात मान वर न करणारी पोरगी तिथं उभी राहून आपल्या म्हशीबद्दल जपानीत सांगत होती. मला हेवा वाटला, आणि तिथून आमची दोस्ती झाली.

चपलांची कथा मात्र नंतरची.

नोकरीला काही वर्षं झाल्यावर सरांना अखेर जपान बघायला मिळालं. भाषा शिकवणाऱ्यांसाठी काही आठवड्यांचा वर्ग होता. राहायची सोय एका म्हातारीच्या घरी होती, ओकुदा आजी. पहिल्या संध्याकाळी आजींनी भरपूर जेवू घातलं, वाकून वाकून स्वागत केलं. सकाळी सर जिना उतरून दाराशी आले तर त्यांचे बूट दाराकडे तोंड करून ठेवलेले. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः काढले तेव्हा त्यांची तोंडं घराकडे होती.

आता आमच्याकडे पाहुणा घरात असताना त्याच्या वहाणा कुणी दाराकडे वळवून ठेवल्या, तर तो समजायचं ते समजतो. उदगीरचा माणूस तेच समजला. काल आपण आमटीला नावं ठेवल्यासारखं तोंड केलं का, भाताचा घास जास्त घेतला का, असा सगळा विचार करत सर वर गेले आणि बॅग भरून खाली आले. हातात बॅग बघून ओकुदा आजी लगबगीनं पुढे आल्या. आपलं काय चुकलं म्हणून त्या वाकू लागल्या. आपलं काय चुकलं म्हणून सर त्यांच्याहून खाली वाकू लागले. दोघं दाराशी वाकत राहिले. शेवटी वर्गाला नेणारी गाडी आली, त्या ड्रायव्हरनं उलगडा केला. जाणाऱ्या माणसाला बूट घालताना वळावं लागू नये, त्याचं जाणं सोपं व्हावं, म्हणून तिथं घरातलं माणूस ते फिरवून ठेवतं.

"मॅडम, आपलं जाणं सोपं व्हावं म्हणून कुणीतरी पहाटे उठून आपल्या बुटांना हात लावतं," सर सांगायचे. "मला रडूच आलं." हे सांगताना ते दरवेळी हसायचे, आणि दरवेळी चष्मा पुसायचे.

परत आल्यावर त्यांनी वर्गातले बाक काढून टाकले, सतरंज्या आणल्या आणि चपला बाहेर काढायला लावल्या. तास चालू असताना रोज एकानं बाहेर येऊन सगळ्यांच्या चपला फिरवायच्या असा नियम केला. पोरं धसमुसळी, एकाची चप्पल दुसऱ्याच्या जोडीला लावून यायची. मग तळमजल्याच्या शिपाई लक्ष्मीबाई, त्यांनी ते काम आपल्याकडे ओढून घेतलं. आधी त्यांनी सरांना चांगलंच सुनावलं होतं.

"सर, हे काय करून राह्यले तुमी? लोकायच्या लेकरांना 'चला निघा' म्हनायचं का?"

सरांनी त्यांना ओकुदा आजींची गोष्ट सांगितली. लक्ष्मीबाई स्टुलावर बसून शांतपणे ऐकत होत्या. दुसऱ्या दिवसापासून तास सुरू झाला की त्या पदर खोचून रांगेशी बसायच्या आणि एकेक जोड फिरवायच्या. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला असेल तर सांगायच्या, "आज शिवून घे रे, माय." पोरं त्यांना मावशी म्हणायची.

मग एका जूनमध्ये पुनम आली. इस्लापूरच्या शेषेरावांची मुलगी. कापूस आणि हळद पिकवणारं घर, अंगणात ट्रॅक्टर, घरात कुणी बारावीच्या पुढे गेलेलं नाही. प्रवेशाच्या खिडकीवर तिनं क्लार्कला विचारलं, "कोणत्या विषयात इंग्रजी न्हाई?" तो बिचारा सकाळपासून वैतागलेला होता. "जपानी घे," म्हणाला. तिनं घेतलं.

पहिल्याच दिवशी गाडी लेट झाली आणि पुनम तास अर्धा झाल्यावर येऊन वर्गात मागे बसली. थोड्या वेळानं पाणी प्यायला बाहेर आली तर तिची चप्पल दाराबाहेर तोंड करून ठेवलेली. बाकीच्या रांगेकडे तिचं लक्षच गेलं नाही; उशिरा आले म्हणून सरांनी हाकललं, असं तिला वाटलं. कुणाला काही न विचारता तिनं चप्पल पायात घातली आणि सरळ बसस्टँड गाठलं.

पोरीचं दप्तर वर्गातच राहिलं होतं. सरांनी लक्ष्मीबाईला विचारलं, लक्ष्मीबाईला काय झालं असेल ते तत्काळ कळलं. सरांनी तास तसाच टाकला, स्कूटर काढली आणि स्टँडवर गेले. किनवटच्या गाडीची वाट बघत पुनम बाकावर रडत बसली होती. सर तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मी तर बॅगच भरली होती." मग तिथंच बसून त्यांनी तिला ओकुदा आजींची सगळी गोष्ट सांगितली. हे मला पुनमनं सांगितलं. रडता रडता ती इतकी हसली की शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

त्या पोरीनं नंतर मागे वळून पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षाला ती पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायची आणि सर दाराशी उभे राहून ऐकायचे. "मॅडम, ही माझ्यापेक्षा चांगली शिकवते," असं मला कौतुकानं सांगायचे. एम. ए.ला ती पुण्याला गेली, तिथून तिला नागोयाजवळच्या एका हॉस्पिटलात दुभाष्याचं काम मिळालं.

तिला सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. संध्याकाळची मुंबईची गाडी. शेषेराव पांढऱ्या पायजम्यात, डोक्याला रुमाल, हातात पोरीच्या पाण्याची बाटली घट्ट धरून उभे होते. ती द्यायची हे विसरूनच गेले होते. गाडी हलली तशी पुनम दारातून सरांकडे बघून जपानीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हनली वो सर ती?" शेषेरावांनी विचारलं.

"जाऊन येते, म्हणाली."

"तिकडं बी तसंच म्हनतेत?"

"तसंच. घरातून निघताना नुसतं 'जाते' कुणी म्हणत नाही."

शेषेराव गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "सर, माह्या पोरीला हे याड तुमी लावलं. ती वापस यील, ह्याची जबान द्या मला."

"दिली," सर म्हणाले.

परत येताना रिक्षात मी त्यांच्यावर भडकले. दुसऱ्याच्या मुलीची जबान तुम्ही कशी देता? ती तिकडे लग्न करील, घर करील, तिचं तिला ठरवू द्या की! सर बाहेर बघत होते. "गाडी सुटताना बापाला दुसरं काय सांगायचं, मॅडम?" एवढंच म्हणाले. पण दिलेली जबान सहज विसरणारा तो माणूस नव्हता, आणि हे मला ठाऊक होतं.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते कळलं नाही. पोरं यायची, शिकायची, जायची. कुणी पुण्याला, कुणी बंगळूरला, काही थेट जपानला. जाताना सगळे सरांच्या पाया पडून 'जाऊन येतो' म्हणायचे, दिवाळीला फोन करायचे. पुनम भावाच्या लग्नाला येऊन गेली, लक्ष्मीबाईसाठी मऊ चपला घेऊन आली. लक्ष्मीबाईनं त्या कपाटात ठेवून दिल्या. परत येऊन राहिलं असं मात्र कुणी नाही. एकदा स्टुलावर बसल्या बसल्या लक्ष्मीबाई सरांना म्हणाल्या, "तुमीच समद्यायच्या चपला भायेर तोंड करून ठिवायला लावता. मंग लेकरं जानार न्हाईत तर काय करतील?"

आम्ही सगळे हसलो. सरही हसले. पण त्या दिवशी ते चहाला न थांबता घरी गेले.

निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा नवे प्राचार्य सरांना बोलावून सरळ म्हणाले, "पोरं येतायत, वर्ग बंद करायची मला हौस नाही. पण शिकवायला माणूस कुठंय? जूनपर्यंत आणा, नाहीतर ती खोली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला द्यावी लागेल." माणूस चुकीचं काही बोलत नव्हता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

सरांनी फोन सुरू केले. एकाचं बंगळूरला घर झालेलं, एकीची मुलं पुण्याच्या शाळेत रुळलेली, एकाच्या बायकोला इथलं ऊन सोसत नाही. सगळे भरभरून बोलले. सर, तुमच्यामुळे आम्ही उभे राहिलो, असं प्रत्येकजण म्हणाला. प्रेमाला कुठं तोटा नव्हता. फोन ठेवल्यावर सर काही वेळ फळ्याकडे बघत बसायचे आणि मला ते बघवत नसे. सगळं आयुष्य एका खोलीत घातलेला हा माणूस, आणि त्या खोलीत आता चालू घडामोडींचे तक्ते लागणार होते.

"पुनमला केला का फोन?" मी एक दिवस विचारलं.

"नाही."

"का?"

"तिला करणार नाही."

मी चिडले. ज्यांच्याकडून काही होणार नाही त्यांना सगळ्यांना विचारून झालं, आणि जी शिकवू शकते तिला विचारायचं नाही, हा कुठला न्याय? सरांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "मॅडम, बॅग भरलेली असताना मला घरून 'ये' म्हणून फोन आला होता. मी आलो. वडिलांचं केलं, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तो फोन मला अजून ऐकू येतो. पुनमला मी 'ये' म्हटलं तर ती येईल. म्हणूनच म्हणणार नाही."

"आणि शेषेरावांना दिलेली जबान?"

"ती माझ्याकडं राहू द्या."

भांडण अर्धवट टाकून मी दोघांसाठी चहा सांगितला. असं माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही.

एप्रिलमध्ये सरांचा शेवटचा तास होता. ऊन असं की सायकल स्टँडच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं. तासाच्या आधी सर आणि मी खोलीबाहेर उभे होतो, तेवढ्यात शेषेराव येताना दिसले. मोंढ्यात हळद घेऊन आले होते, खांद्यावरच्या पिशवीत सरांसाठी हळकुंडं होती. त्यांना बघून सर एकदम ताठ उभे राहिले. आज हे जबान मागणार, असंच मलाही वाटलं.

शेषेरावांनी पिशवी सरांच्या हातात दिली, रुमालानं तोंड पुसलं. "सर, तुमची जबान वापस घ्या," ते म्हणाले. "पोरगी खुशाल हाय तिकडं. मी फोनवर रोज तोंड बघतो तिचं. म्या त्या दिशी काय बी बोललो, आन् तुमी ते उरावर घेऊन बसले. लक्ष्मीबाईनं सांगितलं मला. असं नगा करू."

सर पिशवी छातीशी धरून रडले. लपवलं नाही त्यांनी, पोरं आजूबाजूला होती तरी. मीही रडले. शेषेराव मात्र आम्हा दोन शिकल्यासवरल्या माणसांकडे बघून गोंधळून गेले आणि मावशींना पाणी आणा म्हणाले.

तास सुरू झाला. मी बाहेर लक्ष्मीबाईजवळच थांबले. त्यांनी रोजच्यासारखा पदर खोचला आणि एकेक जोड फिरवू लागल्या. पोरांचे बूट, पोरींच्या सँडल, सगळ्यांची तोंडं बाहेर. शेवटी सरांच्या तपकिरी वहाणा राहिल्या. त्यांना हात न लावता लक्ष्मीबाई उठल्या.

"ह्या राहिल्या की," मी म्हटलं.

"राहू द्या. म्या न्हाई फिरवत आज." त्यांनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "बाई, ह्याचा फोटू काढा. लेकरायच्या गुरुपवर टाका."

"काय लिहू खाली?"

"काय लिव्हायचं? त्यायला कळतंय."

मी फोटो काढला. चपलांची सगळी रांग बाहेर बघतेय आणि एकच जोड आत. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तो टाकला, खाली अक्षर लिहिलं नाही. सरांनी पुनमला 'ये' म्हणायचं नाही असं ठरवलं होतं, मीही कुणाला 'ये' म्हटलं नाही. मी फक्त चपलांचा फोटो टाकला, त्याला काय करणार!

तास संपला. सर बाहेर आले आणि वहाणांशी थबकले. लक्ष्मीबाई कुलूप आणायला म्हणून ऑफिसात निघून गेल्या होत्या. आत तोंड केलेल्या वहाणा घालायच्या तर माणसाला वळावं लागतं. सर वळले. खोलीकडे तोंड करून त्यांनी आधी एक पाय घातला, मग दुसरा, आणि सतरंज्यांकडे, फळ्याकडे बघत तसेच उभे राहिले. फळा त्यांनी पुसलेला नव्हता. 

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर जोडलेल्या हातांची रीघ लागली. कुणी रडकी तोंडं पाठवली, कुणी मोठमोठे संदेश लिहिले. पुनमचं एक अक्षर नाही. फोटो बघितल्याची खूण दिसत होती, तरी नाही. मला तिचा असा राग आला की काय सांगू. दोन हात तरी जोडायचे ना, बाई!

जूनमध्ये कॉलेज उघडलं. सरांची पुस्तकं त्या खोलीत होती, ती घेऊन जा असा निरोप आला. सर एकटे गेले तर दिवसभर तिथंच बसून राहतील, म्हणून मी बरोबर गेले. आम्ही कपाट आवरत होतो, तेवढ्यात दारातून "तादाइमा" असा आवाज आला. मला एवढं जपानी सरांच्या संगतीनं कळतं. बाहेरून घरी परत आलेलं माणूस दारात तसं म्हणतं.

पुनम दारात उभी होती. मागे शेषेराव, आणि ते आधीच हात हलवत होते, "म्या न्हाई बोलावलं सर, देवाशपथ! मला बी काल कळलं."

सरांच्या हातातली पुस्तकं खाली पडली. "कुणी बोलावलं तुला?" त्यांचा आवाज चढला होता, इतका की मी दचकले. "मॅडमनी? कुणी फोन केला?"

"कुणी नाही," पुनम म्हणाली. "कुणी बोलावलं असतं तर कदाचित आले नसते, सर. तो फोटो बघितला. पहिल्या दिवशी मी चपला बघून पळाले होते, तेव्हा तुम्ही स्टँडवर मला आणायला आला होतात. यावेळी तुम्ही काही आणायला येणार नव्हता. मग मीच आले."

सर सतरंजीवर बसले.  पुनमही खाली बसली आणि घाईघाईनं सांगू लागली, की तिनं हॉस्पिटलातून रजा घेतलीय, वर्षभराची, वर्षभर शिकवून बघते, पुढचं पुढे. लगेच जन्माच्या आणाभाका वगैरे नाहीत. मला ते आवडलं. शेषेरावांनाही आवडलं असावं, कारण ते म्हणाले, "वरीस तर वरीस. हाव, तेवढं बी कुठं होतं?"

प्राचार्यांनी खोली राहू दिली. पुढच्या सोमवारी पुनमनं पहिला तास घेतला. सरांना तिनं मागच्या सतरंजीवर बसवलं, मीही त्यांच्या शेजारी बसले. ती इस्लापूरच्या बोलीत सांगत होती, पोरं हसत होती, आणि सर मांडीवर हात ठेवून शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी मला कोपरानं ढोसलं, "बघा, मी म्हणालो नव्हतो?"

तास संपल्यावर आम्ही दोघं आधी बाहेर आलो. लक्ष्मीबाई स्टुलावर बसल्या होत्या, पायात पुनमनं आणलेल्या मऊ चपला. रांगेत सगळ्यांची तोंडं बाहेर होती. पुनमच्या सँडल तेवढ्या आत तोंड करून होत्या, तिनं काढल्या तशाच. आणि त्यांच्या शेजारी सरांच्या तपकिरी वहाणा व्यवस्थित जुळवून, बाहेरच्या दिशेला फिरवून ठेवलेल्या.

सरांनी लक्ष्मीबाईकडे पाहिलं.

"तुमी आता पाव्हणे," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

सर इतके हसले की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मॅडम," ते मला म्हणाले, "चला, निघा म्हणतायत. या वेळी मी बरोबर समजलोय."

मग त्यांनी न वळता वहाणा पायात सरकवल्या आणि सायकल स्टँडकडे चालू लागले.